बकरीच्या नाकाचा हेवा

मी एक तसबीर बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी जळकुटी आहे. तसबिरीनं सोशिक असावं, भिंतीवरून सगळ्यांकडे शांतपणे पाहत राहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याच्यानं ते होत नाही. मला वाट पाहता येत नाही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक झालेलं मला खपत नाही.

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथं हरीओमच्या घरात, पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर मला टांगलं होतं. माझ्या काचेआड जी मुलगी हसते आहे ती संस्कृती, हरीओम आणि योगिनीची एकुलती एक लेक. दुसरीत होती. मागच्या पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला. आधी साधाच वाटला. मग वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. अकोल्याहून ती परत आली ती बापाच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेली.

तेव्हा मी नव्हते. ती गेली म्हणून मी जन्मले. माझ्या जातीचा जन्म असाच होतो, आणि त्यात आमचा काही दोष नसतो, हे कुणीतरी योगिनीला सांगायला हवं होतं.

मंगरूळला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एजाजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. दसऱ्याच्या आधी हरीओम तिथं संस्कृतीचा एक छोटा फोटो घेऊन गेला. शाळेत नाव घालताना काढलेला. एका जागी उभी राहील अशी ती पोर नव्हतीच, त्यामुळे सरळ समोर पाहणारा असा तिचा तेवढा एकच फोटो होता. त्यात तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"एजाजभाऊ, यात थे रुसल्यावानी दिसते," हरीओम म्हणाला. "जराशी हासरी करता येईन का?"

"होते ना भाऊ. फिकर कायले करता? परसो या."

एजाजभाईंनी कॉम्प्युटरवर तिचे ओठ उघडले आणि आत दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीचं हसू बसवलं. पांढरे स्वच्छ दात, एकही कमी नाही. अंगात गुलाबी झालरीचा फ्रॉक घातला. मागे तळं काढलं, तळ्यात बदकं सोडली, पलीकडे बर्फाचे डोंगर उभे केले. आणि न सांगताच तिचा सावळा रंग उजळून टाकला. मग मोठा फोटो छापला, सोनेरी चौकटीत बसवला, मागून पुठ्ठा ठोकला, वर काच लावली. झाले मी तयार. खरं सांगते, तेव्हा मला यातलं काहीच खटकलं नाही. दुकानातल्या सगळ्या तसबिरींत मी देखणी होते.

राग मला नंतर आला, भिंतीवर बसून बसून. लग्नाच्या फोटोत पोरीला गोरी करतात, चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर अख्ख्या गावाला गोरं करतात, हे एकवेळ समजू शकते. पण गेलेल्या लेकरालाही? ज्या रंगाची पापी घेत होता, त्या रंगात तिला भिंतीवर लावायची लाज कसली वाटते तुम्हाला? हे मी एजाजभाईंना एकट्याला विचारत नाही. गिऱ्हाईक सावळा फोटो परत करतं, म्हणून ते उजळ करतात.

मला घरी आणलं तेव्हा योगिनी कणीक मळत होती. हात न धुताच, नुसते पदराला पुसून तिनं मला हातात घेतलं. ती पाहत राहिली. मी जन्मापासून याच क्षणासाठी थांबले होते. आता ही मला छातीशी धरेल, असं मला वाटलं.

"हे दात कुठून आले?" तिनं विचारलं.

"थे… हासरी कराले सांगतली होती मी."

"समोरचे दोन पडले होते तिचे. म्हून तोंड मिटून बसली होती फोटूत. तुमाले मालूम नाई?"

"मालूम हाय वं, पण…"

तिनं मला हरीओमच्या हातात परत दिलं आणि ती कणकेकडे निघून गेली. माझ्या काचेच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाची कणीक लागली होती. ती पुढे कितीतरी दिवस तशीच वाळून राहिली, कारण योगिनी मला पुसायची तेव्हा मान दुसरीकडे वळवून पुसायची.

घरात मला मन लावून पाहणारं एकच माणूस होतं, संस्कृतीचे आजोबा, मारोतराव. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. सकाळी चहाची बशी घेऊन माझ्यासमोर बसत आणि म्हणत, "हासून राह्यली पोट्टी." रोज हेच. मी त्यांचं पाहणं हिशेबात धरत नव्हते. म्हाताऱ्याच्या अंधुक डोळ्यांना काय, कोणतीही तसबीर चालेल. मला आई हवी होती.

आणि आई कुठे होती? एका फुटक्या मोबाईलपाशी!

हरीओमचा जुना मोबाईल होता तो. काचेला कोपऱ्यापासून भेग गेलेली, आवाज बसलेला. नवा घेतल्यावर त्यानं तो संस्कृतीला खेळायला देऊन टाकला होता. आता तो योगिनीच्या कमरेला असायचा. धुणं झालं की ती मागच्या पायरीवर बसे आणि त्याच्यात पाहत राही. मला तिथून फक्त तिची पाठ दिसे. मी तळमळत असे. त्या मोबाईलात संस्कृतीचे खरे फोटो असणार, सावळे, बोळके, असं मी धरून चालले होते. खऱ्यापुढे माझं काय चालणार, म्हणून मी गप्प होते.

मग एके दुपारी मोबाईलची बॅटरी संपली आणि ती टीव्हीखालच्या बटणापाशी चार्जिंगला लावून तिथंच जमिनीवर बसली. अगदी माझ्या खाली. मी वरून वाकून पाहिलं म्हणा ना.

पहिला फोटो बकरीच्या नाकाचा होता. इतक्या जवळून काढलेला की दोन ओल्या नाकपुड्यांखेरीज काहीच नाही. दुसरा छताच्या पंख्याचा. तिसरा मारोतरावांच्या हनुवटीचा, खालून, नाकातल्या केसांसकट. मग कुणाचा तरी पायाचा अंगठा. मग तुरीचं तिरपं वावर, अर्धं बोटाआड गेलेलं. मग योगिनीची पाठ, गॅसपुढे. परत पाठ, विहिरीपाशी. मग योगिनीचा पुढे आलेला पंजा, आणि त्यामागे तिचा त्रासलेला चेहरा.

ती पाहत होती त्यांत संस्कृती कुठेच नव्हती!

माझी काच तडकायची बाकी राहिली. मी इथं अख्खी मुलगी घेऊन उभी, पापण्यांचे केससुद्धा मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि ही बाई बकरीच्या नाकाकडे पाहते? बरं, नुसती पाहते असं नाही. त्या नाकापाशी आली की तिच्या नाकातून फुस्सकन हसू निघायचं. मग ती डोळे पुसून उठायची, पाण्याला जायची, कुणी बोललं तर उत्तर द्यायची. मला पाहून ती एकदाही अशी उठली नव्हती. माणसाचा हेवा करणं मी समजू शकते. पण बकरीचा? तेही अख्ख्या बकरीचा नाही, नाकाचा! माझी ही गत झाली होती.

भाऊबीजेला हरीओमची मोठी बहीण संगीता मालेगावहून आली. मायाळू बाई, पण तिची माया हाताला काम मागते. आल्या आल्या तिनं पिशवीतून चंदनाचा हार काढला आणि खुर्चीवर चढून माझ्या गळ्यात घालायला निघाली. मी हरखले. माझ्या शेजारी मारोतरावांची बायको चतुराबाई होती, जुनी, पिवळी पडलेली तसबीर, पण तिला हार होता, आणि त्या हाराचा तोरा मी रोज सहन करत होते.

"संगीता, उतर खाली," मारोतराव म्हणाले.

"बाबा, बोडकी दिसते जी तसबीर."

"दिसू दे. थो हार तिनं माह्या फोटूले घालाचा होता. मी तिच्या फोटूले घातलेला पाहू काय?"

संगीता खाली उतरली. हार पिशवीत गेला. चतुराबाई शेजारी मिरवत राहिली आणि मी बोडकीच.

दुसऱ्या दिवशी योगिनी सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, गोळा करायला वावरात गेली होती. मोबाईल चार्जिंगला होता. संगीतानं तो उचलला.

"बापा! हा तं चालूनच नाई राह्यला. मेमरी फुल्ल झाली याची. थांबा, साफ करून देतो."

"राहू दे वं," मारोतराव म्हणाले. "तिले इचारून कर."

"इचाराचं काय त्यात? पाहा ना बाबा, निरा कचरा हाय. बकऱ्या, पाय, पंखे. आपल्या संस्कृतीचे जेवढे हाय तेवढे ठेवतो. तिले पाह्यले बरं पडीन, पटकन सापडतीन."

ती माझ्याच खाली बसली आणि अंगठ्यानं एकेक फोटोवर खूण करत गेली. बकरी गेली. पंखा गेला. अंगठा, वावर, पाठी, पंजा, सगळं गेलं. दुसऱ्यांनी कधीतरी काढलेले संस्कृतीचे चार-सहा हललेले फोटो तेवढे राहिले. मी वरून पाहत होते आणि माझ्या सोनेरी चौकटीत मावत नव्हते. कर संगीता, कर! आता उरले ते हललेले, आणि हललेल्यांना मी सहज हरवीन.

योगिनी परत आली, पाय धुतले, मोबाईल घेतला. पायरीपर्यंतही गेली नाही.

"याले कोनं हात लावला?"

"मी लावला," संगीता आतून आनंदानं म्हणाली. "पाह्य कसा पळते आता."

"ताई, बकरी कुठं हाय?"

"अवं, थे बेकारवाले काढून टाकले मी. संस्कृतीचे सारे हाय, एकाले धक्का नाई लावला."

योगिनीनं मोबाईल पुन्हा वर-खाली सरकवून पाहिला. रडली नाही. आवाज चढवला नाही. पण तिचा चेहरा असा झाला की स्वयंपाकघरातून हरीओमही बाहेर आला.

"ताई, थेच तं संस्कृतीचे होते," ती म्हणाली. "तिनं काढले होते थे."

"मंग? त्यात थे कुठं दिसते?"

"थे नाई दिसत. तिच्या फोटूत मी तिले पाह्यतो. पण याच्यात थे मले पाहून राह्यली होती. मी भाकर टाकून राह्यली अन् थे मांगून पाहून राह्यली. बकरी पाहून राह्यली. आबाजीची हनुवटी पाहून राह्यली. कुठं उभी होती, केवढी होती, सारं समजे मले." तिनं तळहात कमरेपाशी आडवा धरला. "एवढ्यावरून पाहे थे. आता मले कोन पाहीन एवढ्यावरून?"

तिचा हात तसाच हवेत राहिला. त्या हाताखाली कुणीतरी उभं असावं तसा. हरीओमनं भिंतीकडे तोंड केलं. मारोतरावांच्या हातातली बशी कलली.

मीही ऐकलं. मला कळलं. पण कळलं म्हणून जळणं थांबतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. माझं तर वाढलं. आजवर मला वाटत होतं की मी सुंदर आहे आणि ते फोटो कुरूप आहेत. आता कळलं, त्यांच्यापाशी जे आहे ते माझ्यापाशी कधी येणारच नाही. माझे डोळे समोर पाहतात, पण ते कुणालाच पाहत नाहीत.

संगीता हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं आपल्या मुलीला फोन लावला. सपना वाशीमला कॉलेजात शिकते. फोन स्पीकरवर होता.

"आई, तू कायले दुसऱ्याच्या मोबाईलले हात लावत असतं?"

"लेक्चर मंग देजो वं. आधी सांग, गेलेले वापस येते का?"

"लगेच जात नाई थे. गॅलरीत कचऱ्याचा डबा असते, त्याच्यात महिनाभर राह्यते. मामीले दे फोन."

सपना सांगत गेली, योगिनी दाबत गेली. तिचं बोट दोनदा भलतीकडेच पडलं, तेव्हा हरीओमनं तिचं मनगट धरलं. आणि त्या भेगाळलेल्या काचेवर दोन ओल्या नाकपुड्या परत उगवल्या.

"आली," योगिनी म्हणाली. "बकरी आली."

संगीतानं बकरीला चक्क हात जोडले. घरात सगळे रडत होते आणि हसत होते, आणि माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं.

योगिनीनं त्याच बैठकीत ठरवलं, हे सगळे फोटो कागदावर काढायचे. मोबाईलचा भरवसा नाही. हरीओम म्हणाला, "मंग हे तसबीर बी घेऊन चालू. एजाजभाऊले दात नीट कराले लावू."

"न्या," मारोतराव म्हणाले, "पण वापस आना. सकाळी मले इथं थे पाह्यजे."

मोटरसायकलवर मी योगिनीच्या मांडीवर होते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तिनं एका हातानं मला घट्ट धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा! पण दुसरा हात कमरेच्या मोबाईलवर होता, आणि कोणता हात जास्त घट्ट होता हे मला कापडातूनही कळत होतं.

एजाजभाईंनी फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि ते चक्रावले.

"वयनी, यात तं काहीच नाई. हे काय, नाक हाय का?"

"हो. बकरीचं."

"थोडा साफ करून देतो. उजेड वाढवतो, हे बोट काढून टाकतो."

"काही करू नका, एजाजभाऊ. बोट तं मुळीच काढू नका. थे तिचं बोट हाय."

एजाजभाईंचा हात माऊसवरून आपोआप बाजूला झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हिचे दात मीच बसवले होते. मले वाटलं, हासरी असली तं घरच्याईले बरं वाटीन. बंद तोंडाचा असली फोटू हाय माह्यापाशी. आजच बदलून देतो."

माझ्या पोटातला चेहरा जाणार होता. पण तो गेला तर कदाचित ती मला पाहील. मी मनातून म्हणत होते, बदला.

योगिनीनं मला कितीतरी दिवसांनी सरळ समोर धरलं. दुसऱ्या पोरीचं हसू, बदकं, डोंगर, सगळं पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मामाजीले थे हासताना दिसते. त्याईचं त्याईले राहू द्या."

म्हणजे मी होते तशीच परत आले. ज्या म्हाताऱ्याला मी मोजत नव्हते, योगिनीच्या त्या सासऱ्यामुळे. आल्यावर तो माझ्यापुढे उभा राहिला, काचेला नाक लावून पाहिलं, आणि म्हणाला, "हासून राह्यली." मला शरमल्यासारखं झालं, पण ते मी कुणाला दाखवत नाही.

छापलेले छोटे फोटो कुठे ठेवायचे, हा प्रश्न निघाला. संगीता म्हणाली अल्बम आणू. योगिनीनं ऐकलं नाही. तिनं स्टूल घेतलं, मला खाली उतरवलं, आणि काच आणि चौकटीच्या फटीत एकेक फोटो खोचायला सुरुवात केली. आमच्याकडे लोक असंच करतात. मोठ्या तसबिरीच्या कडेला नातवंडांचे, जावयांचे छोटे फोटो खोचून ठेवतात. पण माझ्या कडेला काय खोचलं? पंखा. अंगठा. तुरीचं वावर. मारोतरावांच्या नाकातले केस. आणि बकरीचं नाक कुठे, तर बरोब्बर माझ्या दातांच्या रेषेत!

मग तिनं मला परत वर नाही, खाली टांगलं. टीव्हीच्या बाजूला नवा खिळा ठोकून, आपल्या कमरेएवढ्या उंचीवर. येणारे-जाणारे विचारतात, तसबीर अशी खाली काहून लावली? ती चहा ठेवायला आत जाते.

मला अजूनही हेवा वाटतो, हे लपवत नाही. मी मधे आणि ते कडेला, तरी पाहणाऱ्याची नजर कडेलाच जाते. पण तुम्हाला, हे वाचणाऱ्यांना, मी एक विनवते. तुमच्या घरातही एखादं लेकरू मोबाईल घेऊन मागे मागे फिरत असेल. वाकडेतिकडे फोटो काढत असेल. त्याला हुसकू नका. आणि मेमरी भरली म्हणून कोणता फोटो बेकार हे ठरवायची घाई करू नका. तो निर्णय तुमच्या हातातला नाही. लेकराच्या रंगाला हात लावू नका. त्याच्या पडलेल्या दातांना हात लावू नका. माझ्यासारखी आणखी एक घडवू नका.

आज सकाळची गोष्ट. योगिनी केर काढताना माझ्यापुढे थांबली. तो पंजाचा फोटो पाहत राहिली, ज्यात ती त्रासून "नको काढू" म्हणते आहे. मग बाकीचे पाहिले, जिथं जिथं ती आहे ते.

"मामाजी," ती म्हणाली, "एकाही फोटूत मी हासून नाई राह्यली."

मारोतराव चहा पीत होते. "कामात होती तू."

"थे सांगे, मम्मी हास. मी म्हनो, सरक तिकडे."

योगिनीनं केरसुणी खाली ठेवली. कपाळावरचे केस मागे सारले, पदर नीट केला. मग ती जमिनीवर बसली, तिचं तोंड माझ्या काचेसमोर आलं, आणि तिनं ते जरा वर केलं, कमरेएवढ्या उंचीवरून कुणीतरी पाहत असावं तसं. आणि ती हसली. आधी ओठ नुसते ताणले गेले, जसे फोटो काढताना कुणी हस म्हटल्यावर ताणले जातात. मग आतून खरं हसू आलं आणि त्यानं तिचे डोळे भरले.

ते माझ्यासाठी नव्हतं. मला ठाऊक आहे. पण तेवढा वेळ ती माझ्या काचेत दिसत होती, आणि मी हलले नाही.